शेवटचा 'आ'

प्रिय मारिकित,

काल संध्याकाळी टीव्हीवर तुला पाहिलं. निळ्या ब्लाउजमध्ये छान दिसत होतीस, पण केस कपाळावर ओढून घ्यायचं हे नवं खूळ कुठून शिकलीस? तुझं कपाळ माझ्या आईचं आहे, ते झाकू नकोस. मदर ओसांगच्या पार्लरमध्ये तुझं हवामान लागलं की सगळ्या जणी हातातली कामं टाकून बसतात. वादळ कुठून येतंय याकडे कुणाचंही लक्ष नसतं. कानातले नवे आहेत का, पोरगी बारीक झाली का, मनिलात नीट जेवते तरी का, यावरच चर्चा चालते. इथलं बाकी सगळं ठीक आहे. मागच्या अंगणातल्या कलामान्सीला इतकी लिंबं लागलीत की शेजारीही आता नको म्हणतात. आपला बंताय म्हातारा झाला. पप्पांच्या गाडीमागे धावायचं त्याने सोडलंय. दारात पडल्या पडल्याच भुंकतो आणि कर्तव्य केल्यासारखा पुन्हा झोपतो. पप्पांचं ब्लडप्रेशर बरं आहे. डुकराची तळलेली कातडी खायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून ते ती गॅरेजमध्ये जाऊन खातात.

तू शुक्रवारी येते आहेस, हे तू मला सांगितलं नाहीस, पप्पांनीही सांगितलं नाही. सांगितलं ओसांगने, आणि तेही चुकून. सोमवारी मी केस धुवायला गेले होते. ती कुणाचा तरी तेर्नो, तो उंच कडक बाह्यांचा समारंभाचा झगा, शिवत होती. तोंडात टाचण्या होत्या, आणि तशातच तिने मला विचारलं की मारिकितच्या खांद्याचं माप अजून तेच आहे ना? मी म्हटलं तेच आहे, डावा खांदा जरा उतरता आहे, तिकडे अस्तर जाड घाल. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी विचारलं की तिला तेर्नो कशाला? ओसांग गप्प बसली. तुला ठाऊकच आहे, तिला कुणी ओस्मुन्दो या जन्माच्या नावाने हाक मारली तरी ती गप्प बसत नाही, चांगली शिवी घालते. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी मोठं आहे हे मी समजले. गावजत्रेची फिएस्ता मे महिन्यात असते, लग्न कुणाचं नाही, आणि येत्या शुक्रवारी गावात एकच गोष्ट आहे. उमेदवारी अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस. म्हणजे माझ्या मेयोरच्या खुर्चीसाठी माझ्याच मुलीला सजवायचं चाललंय आणि खांद्याचं माप मीच देऊन बसले.

रागावले का? सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगते, मागून पुढे. फोन मुद्दाम करत नाही, कारण फोनवर मी रडेन आणि तू 'बरं ममा, बरं ममा' म्हणत राहशील.

मी एकोणीस वर्षांची असताना फिएस्ताच्या राणीसाठी उभी राहिले, ही गोष्ट तू हजार वेळा ऐकली आहेस, पण पप्पांच्या तोंडून. ते दुसऱ्या रांगेत बसले होते आणि मला बघून टाळ्या वाजवायला विसरले, इथे त्यांची गोष्ट संपते. माझी गोष्ट त्याच्या आदल्या दिवशी सुरू होते. मुख्य परीक्षक तुझे लोलो होते, पप्पांचे वडील, तेव्हाचे मेयोर. शेवटचा प्रश्न काय असणार हे ओसांगने कुठून तरी काढून आणलं होतं. तिचं तेच तर कसब. 'एक दिवस या गावाची सत्ता तुझ्या हाती आली, तर गावाला काय देशील?' मी लगेच म्हटलं, बुकानाला पूल. दुसरं काही मनात येणंच शक्य नव्हतं. माझी आई बुकानाची. नदीच्या मुखापलीकडे मासे वाळवायची आणि टोपली डोक्यावर घेऊन होडीने अलीकडे बाजाराला यायची. मी अलीकडे मावशीकडे राहून शाळा शिकत होते. नदी चढली की होड्या बंद, आणि आई पलीकडे, मी अलीकडे, आठवडा आठवडा. काठावर उभं राहून एकमेकींना हात करायचो. ओसांग माझे केस विंचरत होती. ती म्हणाली, "पूल म्हणालीस तर मुकुट गेला. हसू म्हण." आणि मी स्टेजवर तेच म्हटलं, मी गावाला माझं हसू देईन. लोलोंनी रुमालाने डोळे टिपले, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि वर्ष संपायच्या आत मी त्यांच्या घरची सून झाले.

तुझं नाव मी बासिलिसा ठेवणार होते, आईचं. पप्पा म्हणाले, असल्या नावाची मुलगी कधी मुकुट जिंकली आहे का? आणि दोन दिवसांच्या लाल, सुरकुतलेल्या, सतत भोकाड पसरणाऱ्या पोरीचं नाव त्यांनी ठेवलं मारिकित. म्हणजे सुंदर! पाळण्यात बघितलं की मला हसू यायचं. पुढे तू खरंच तशी झालीस, त्याला आपला इलाज नाही.

लोलोंच्या पाठोपाठ पप्पा मेयोर झाले आणि मी झाले मेयोरा. शब्दातला तो शेवटचा 'आ' म्हणजे बायको. बाई स्वतः निवडून आली तर तिलाही मेयोरच म्हणतात, 'आ' लागतो तो मेयोरच्या बायकोला. नऊ वर्षं मी तो 'आ' सांभाळला. वाईट दिवस होते असं नाही म्हणणार. फिती कापल्या, गावातल्या निम्म्या लग्नांत साक्षीला उभी राहिले, प्रत्येक मयताला गेले, तांदळाची पोती वाटली आणि पोतं देताना हसले. त्यातून एक झालं. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा सौदीहून परतलाच नाही, हे पप्पांना कधी कळलं नाही इतकं मला कळत गेलं. सुंदर दिसण्याला मी नावं ठेवत नाही, किट. त्याने दारं उघडतात. आत गेल्यावर काय बोलायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. उलट बोलू नये म्हणूनच आत घेतात.

मग पप्पांच्या तीन मुदती संपल्या आणि चौथ्यांदा उभं राहायला कायदा आड आला. एका दुपारी जेवताना, माशाचा काटा काढता काढता, ते मला म्हणाले की फेली, तीन वर्षं तेवढी खुर्ची ऊबदार ठेव. काटा काढलेला तुकडा त्यांनी माझ्याच ताटात ठेवला, म्हणून मला लगेच रागावताही आलं नाही. पोस्टरवर माझा मुकुटातला जुना फोटो लागला. मतपत्रिकेवर टोपणनावाच्या जागी त्यांनी 'मेयोरा' छापून घेतलं. मी निवडून आले, बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं होतं तसंच. लोक त्यांना मेयोर म्हणत होते आणि मला मेयोरा. ड्रायव्हर, पाद्री, नगरपालिकेतले कारकून, सगळेच. माझा 'आ' काही गळला नाही.

पहिल्या वर्षी पप्पा जे कागद आणत त्यावर मी सह्या करत होते. त्याच गठ्ठ्यात मी माझा एक कागद घातला, बुकानाच्या पुलाचा. प्रांताच्या साहेबांनी म्हणे माझ्या हसण्यावर भाळून मंजुरी दिली. ही गोष्ट पप्पा सगळ्यांना सांगतात. मी नकाशे काखोटीला मारून किती खेपा घातल्या, त्या साहेबांच्या बायकोच्या आजारपणात डबे नेले, पावसाळ्यात नदी किती चढते हे आईच्या घराच्या भिंतीवरच्या खुणांवरून त्यांना मोजून दाखवलं, हे ते सांगत नाहीत. असो. पूल झाला. त्यावरचा फलक तू पाहिलाच आहेस. फोटो माझा आणि नाव त्यांचं. बुकानाची आलिंग सेपा, आईची मैत्रीण, अजूनही मासे वाळवते, ती त्या फलकाला नमस्कार करते आणि म्हणते की बाई हसते आहे पण बोलत नाही, बहुतेक दात दुखत असेल.

आता वाळूचं. तुझ्या बाप्तिस्म्याला ज्यांनी तुला हातावर घेतलं होतं, त्या निनोंग बेर्तोंना नदीच्या मुखातली काळी वाळू उपसायची आहे. थोडी त्यांनी न विचारताच उपसली आणि मग रीतसर परवानगीचा कागद निळ्या फायलीत घालून पप्पांच्या हाती दिला. पप्पांनी तो माझ्या उशाशी ठेवला. मी वाचेन म्हटलं. याच सुमारास एका सकाळी सेपा आणि बुकानाच्या सात-आठ बायका आपल्या ओसरीवर आल्या. रोज कोणी ना कोणी येतंच, कुणाला शवपेटी हवी असते, कुणाला औषध. मी कॉफी ठेवली, पाव आणले, आणि सेपाने काही विचारायच्या आत, रोजच्या सवयीने, मी काय बोलले असेन? मेयोर अंघोळ करतायत, बसा. मी, किट! गावाची मेयोर, माझ्याच ओसरीवर, माझ्याच तोंडाने! बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सेपाने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अंघोळ करणाऱ्याकडे आम्ही आलो नाही. तुमच्याकडे आलोय, मेयोर."

'आ' न लावता मला हाक मारणारी ती पहिली. मी पाव वाटत बसले. पप्पा केसांना पोमेड लावून बाहेर आले तोवर मी बायकांबरोबर रस्त्याला लागले होते. पुलाखाली गेलो. ओहोटी होती. मधल्या खांबाच्या बुडाची वाळू गेली होती आणि पाया दाढेच्या मुळासारखा उघडा पडला होता. मी पाण्यात उतरून त्या पोकळीत हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला. काठावरून सेपा ओरडली की पुरे, हात काढा, खेकडे असतात. मी घरी आले आणि निळी फाईल सही न करता पप्पांच्या उशाशी ठेवली.

तुझे पप्पा ओरडत नाहीत, हे तुला वेगळं सांगायला नको. ते रागावले की स्वयंपाक करतात. त्या दिवशी त्यांनी चिंच घालून कोळंबीचं आंबट सार केलं, मोठाल्या कोळंब्या माझ्या वाडग्यात घातल्या आणि माझा चेहरा न्याहाळत म्हणाले, "फेली, डोळ्यांखाली काळं आलंय. पुरे झालं आता, विश्रांती घे." मी म्हटलं, काळं आलं असेल, पण डोळ्यांना निदान दिसायला तरी लागलंय. दोघंही हसलो. सार उत्तम झालं होतं. मनिलातल्या कातडी ताणून देणाऱ्या एका दवाखान्याचं कार्ड दुसऱ्या दिवशी माझ्या आरशाला लावलेलं होतं.

त्यांना वाईट म्हणू नकोस. आई गेली तेव्हा नदी चढलेली होती आणि होडीवाला शवपेटी घ्यायला तयार नव्हता. पप्पांनी आपले चकचकीत बूट काढून माझ्या हातात दिले, छातीइतक्या पाण्यात उतरून पेटीला खांदा दिला आणि अलीकडे आणली. त्या माणसावर माझा आजही जीव आहे. म्हणूनच मला कळत नाही की त्या पाण्याचा जोर खांद्यावर झेललेला माणूस त्या पुलाखालची वाळू कशी विकू शकतो. विचारलं तर म्हणतात, राजकारणात मित्र सांभाळावे लागतात. आता ते प्रांताच्या उपराज्यपालपदाला उभे राहणार आहेत, तिथे निनोंग बेर्तोंची मदत लागणार, आणि इथल्या खुर्चीवर सही करणारा हात हवा. माझा हात उपयोगाचा राहिला नाही, म्हणून तुझा. शिवाय ते मला चांगलं ओळखतात. मी कदाचित नवऱ्याविरुद्ध उभी राहीन, पण पोटच्या मुलीविरुद्ध राहणार नाही. सगळी इमारत त्यांनी याच एका भरवशावर उभी केली आहे.

तुला त्यांनी काय सांगितलं असेल तेही मला ठाऊक आहे. ममा थकली आहे, तिला मोकळं कर, तू नुसतं हस, बाकी मी बघतो. पण किट, मागच्या वर्षीचं वादळ आठव. समोरच्या कागदावर लिहिलेलं वाचून झाल्यावर तू थांबलीस, आणि अख्ख्या देशासमोर म्हणालीस, "बुकानाच्या बायांनो, दुपारच्या आत पूल ओलांडा." तुझे साहेब तुला फार बोलले, तू रडत फोन केला होतास. इथे काय झालं ते मात्र मी तुला कधी नीट सांगितलं नाही. मी पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभी होते. माझे भोंगे सकाळपासून बोंबलत होते आणि कोणी हलत नव्हतं. तुझं ऐकल्यावर मात्र कोंबड्या, गाद्या, देव, सगळं घेऊन माणसं आली. सेपा वाळवलेल्या माशांच्या टोपल्यांसकट आली आणि म्हणाली, बासिलिसाची नात सांगते आहे म्हणजे पाणी येणारच. संध्याकाळी बुकानात छपरापर्यंत पाणी होतं आणि आत एकही माणूस नव्हतं. त्या दिवशी टीव्हीवर तू हसली नव्हतीस. तू इतकी सुंदर मला आधी कधीच दिसली नव्हतीस, मुकुट घातला होतास तेव्हाही नाही.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. काल मी अर्ज भरला. बँड नव्हता, तेर्नो नव्हता. ओसांग, सेपा आणि मी, तिघी एका ट्रायसिकल रिक्षात कोंबून बसून गेलो. ओसांगचा परफ्यूम आणि सेपाच्या माशांचा वास यांत माझा जीव घुसमटला. टोपणनाव काय छापायचं म्हणून तिथल्या मुलीने विचारलं, मेयोराच ना? मी नुसतं फेली लिहायला सांगितलं. रात्री पप्पांना सांगितलं. त्यांनी उठून भात टाकला. तर मी उभी आहे, किट, आणि शुक्रवारी तू अर्ज भरलास तर तुझ्याविरुद्ध उभी आहे. हे तुला चौकात, बँडच्या आवाजात, परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र मनिलाच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. पप्पांसाठी खुर्ची ऊबदार ठेवायला येत असशील तर येऊ नकोस. तुला स्वतःला काही सांगायचं असेल, त्या दिवशी सांगितलंस तसं, तर खुशाल ये. वाळूच्या कागदावर सही करणार नाहीस असं पप्पांच्या तोंडावर सांग आणि लढ. मी हात राखून लढणार नाही, तूही राखू नकोस. जिंकलीस तर 'आ' न लावता पहिली हाक मी मारीन. तेर्नो तयार आहे, डाव्या खांद्याचं अस्तर ओसांगला जमेना, शेवटी मीच टाचलं. तुला शोभेल. फक्त बसमधून उतरलीस की बँडकडे जाऊ नकोस, आधी मागच्या बाजूने स्वयंपाकघराच्या दाराने घरात ये. एकदा त्या कडक बाह्या चढल्या की नुसता हात हलवता येतो, मिठी मारली तर चेपतात. तेव्हा तेर्नो घालायच्या आधी ये.

तुझीच आई,
आणि जूनपर्यंत तरी, मेयोर